साक्षीदाराचा पाठलाग : 'अंधेरे में' आणि रहस्यकथेची उलटलेली रचना

रहस्यकथा आणि कविता यांची आवड एकाच व्यक्तीत नांदू शकते, हे मराठी समीक्षेने फारसे गांभीर्याने घेतलेले नाही. बाबुराव अर्नाळकर घरोघरी वाचले गेले. विद्यापीठीय चर्चेत मात्र त्यांना उंबरठ्याबाहेरच ठेवण्यात आले. इंग्रजीत सेसिल डे-लुईस निकोलस ब्लेक या नावाने रहस्यकादंबऱ्या लिहीत असे, आणि 1968 मध्ये तो राजकवीही झाला. डब्ल्यू. एच. ऑडेनला तर या कथांचे व्यसनच होते. 1948 च्या आपल्या निबंधात त्याने ते मान्य केले. मात्र कलाकृतीशी या कथांचा काही संबंध नाही, असेही बजावले. गुन्हेगार सापडला की उरलेला समाज निर्दोष ठरतो, हे त्याच्या मते या कथांच्या आकर्षणाचे मर्म होय.

ही कसोटी गजानन माधव मुक्तिबोधांच्या 'अंधेरे में' या दीर्घ कवितेला लावली असता निराळेच काही हाती येते. मराठी घरातील हा हिंदी कवी 1948 ते 1958 या काळात नागपुरात होता. त्याचे बंधू शरच्चंद्र मराठीत लिहीत. ही कविता त्याच्या मृत्यूनंतर, नोव्हेंबर 1964 मध्ये 'कल्पना'तून प्रसिद्ध झाली.

रहस्यकथेचे सारे साहित्य तिच्यात आहे : अंधाऱ्या खोल्यांतून ऐकू येणारी पण न दिसणारी पावले, भिंतीवर उमटणारा चेहरा, मध्यरात्रीची मिरवणूक. या मिरवणुकीत सैनिकांसोबत नामवंत कवी, समीक्षक, मंत्री, उद्योगपती आहेत आणि शहरातला कुख्यात खुनी डोमाजी उस्तादही आहे. ('डोमाजी' हे नाव वैदर्भीय वाचकाला परके वाटत नाही, हिंदी भाष्यकारांच्या नजरेतून ही गोष्ट बहुधा निसटते.) खुनी कोण, हा प्रश्न येथे उरतच नाही. तो प्रतिष्ठितांच्या रांगेत उघड चालत असतो. लपावे लागते ते पाहणाऱ्याला. त्याने पाहिले, एवढाच त्याचा अपराध. पुढे त्याला पकडून कवटी फोडली जाते, मेंदूत दडलेल्या गोष्टींची झडती होते. तपास होतो तो साक्षीदाराचा.

नामवर सिंहांनी 'कविता के नये प्रतिमान' (1968) मध्ये या कवितेला अस्मितेचा शोध म्हटले. हे वाचन प्रभावी असले तरी ते गुन्ह्याला पार्श्वभूमीत ढकलते. वस्तुतः गुन्हा पाहिल्यावाचून नायकाला स्वतःचा शोध सुरूच करता येत नाही. ऑडेनच्या कथेत एकाच्या दोषाने सर्वांची सुटका होते. मुक्तिबोधांकडे गप्प राहिलेला प्रत्येक सुशिक्षित संशयित ठरतो, आणि त्यात नायकही आला. म्हणूनच सुटकेनंतरही त्याला स्वस्थता लाभत नाही. हरवलेल्या परम अभिव्यक्तीसाठी तो गल्लोगल्ली हिंडतो आणि प्रत्येक चेहरा निरखत राहतो.