सौंदर्य की उपचार? : आरोग्य विम्याची परिभाषा आणि गडचिरोली-चंद्रपूरमधील स्त्री

प्रास्ताविक
'व्हजायनल रिज्युव्हिनेशन' या आकर्षक नावाखाली योनिमार्ग घट्ट करण्याच्या शस्त्रक्रियांची जाहिरात महानगरांतील खाजगी रुग्णालये करीत असतात. अशा शस्त्रक्रियेस विम्याचे संरक्षण मिळावे काय, हा प्रश्न वरकरणी चैनीचा वाटतो. तथापि या प्रश्नाला विमाकरार जे उत्तर देतो त्याची भाषा तपासली असता जंगलपट्ट्यातील स्त्रीच्या आरोग्याचा एक उपेक्षित प्रश्न समोर येतो. प्रस्तुत लेखात त्या भाषेची चिकित्सा केली आहे.

अटीची चिकित्सा
विमा नियामक प्राधिकरणाने २०१९ मध्ये विमाकरारातून वगळावयाच्या बाबींचे प्रमाणीकरण केले. त्यानुसार रूप बदलण्यासाठीच्या शस्त्रक्रियेचा खर्च मिळत नाही. अपघात, भाजणे वा कर्करोग यांनंतरची पुनर्रचना आणि आरोग्यास असलेला 'थेट व तात्काळ' धोका दूर करणारा उपचार, एवढेच अपवाद आहेत. दुसऱ्या अपवादासाठी उपचार करणाऱ्या डॉक्टरांचा दाखला आवश्यक असतो.

ही अट तत्त्वतः योग्यच आहे. अमेरिकेतील स्त्रीरोगतज्ज्ञांच्या संघटनेने २००७ मध्येच या शस्त्रक्रियांची सुरक्षितता व परिणामकारकता सिद्ध झालेली नसल्याचे म्हटले होते. तेथील अन्न व औषध प्रशासनाने २०१८ मध्ये याच कारणासाठी वापरल्या जाणाऱ्या लेसर उपकरणांविरुद्ध इशारा दिला.

आक्षेप आहे तो 'तात्काळ' या शब्दाला. प्रसूतीत फाटलेला व नीट न शिवलेला मार्ग, पुढे लघवी न थांबणे, अंग बाहेर येणे ही दुखणी जिवावर बेतत नाहीत. ती वर्षानुवर्षे सोसली जातात. वाकून धानाची रोवणी करणाऱ्या, तेंदूपानांचे ओझे वाहणाऱ्या स्त्रीसाठी मात्र ती रोजची असतात. अंग बाहेर येण्यावरील शस्त्रक्रिया हा निर्विवाद उपचार होय. परंतु त्याच्या अलीकडच्या अवस्थेत तेच टाके एका नावाने उपचार आणि दुसऱ्या नावाने सौंदर्यवर्धन ठरू शकतात. हा भेद डॉक्टरांच्या दाखल्यावर ठरतो, आणि दाखल्यासाठी स्त्रीला आधी बोलावे लागते.

गडचिरोलीचा पुरावा
ती बोलत नाही, याचा पुरावा याच भूमीतला आहे. डॉ. राणी बंग व डॉ. अभय बंग यांचा गडचिरोलीतील दोन गावांचा अभ्यास १९८९ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये प्रसिद्ध झाला. तपासलेल्या ६५० स्त्रियांपैकी ९२ टक्के स्त्रियांना किमान एक स्त्रीरोग होता. प्रत्यक्ष तक्रार सांगणाऱ्या ५५ टक्के होत्या, आणि पूर्वी कधी स्त्रीरोगविषयक तपासणी झालेल्या अवघ्या ८ टक्के. आजार होता, पण त्याची नोंदच नव्हती.

राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना २ जुलै २०१२ रोजी सुरू झाली तेव्हा पहिल्या आठ जिल्ह्यांत गडचिरोलीचा समावेश होता. चंद्रपूरला ती २०१३ मध्ये मिळाली. २०१७ पासून ती महात्मा फुले यांच्या नावाने चालते. योजनेचे मोल नाकारता येत नाही. मात्र तिची रचना रुग्णालयातील ठरावीक उपचारांभोवती आहे. गावातली पहिली तपासणी तिच्या कक्षेबाहेर राहते.

केवळ शस्त्रक्रियेला पैसा देण्यातील धोका शेजारच्या छत्तीसगडने दाखवून दिला. २०१२ मध्ये तेथे राष्ट्रीय स्वास्थ्य विमा योजनेच्या पैशासाठी अनावश्यकरीत्या गर्भाशये काढल्याचे प्रकरण उघडकीस आले. जेथे तपासणीला मोल नाही आणि कापण्याला आहे, तेथे याहून वेगळे काय घडणार?

निष्कर्ष
सारांश, सौंदर्यवर्धक शस्त्रक्रियेस विमा नाकारणे रास्त आहे. परंतु 'तात्काळ धोका' हा निकष पुरुषाच्या अपघाताला जितका लागू पडतो तितका स्त्रीच्या दीर्घ दुखण्याला लागू पडत नाही. त्याऐवजी 'दैनंदिन कार्यक्षमतेतील बाधा' हा निकष स्वीकारावा, तसेच स्त्री डॉक्टरकडून होणारी बाह्यरुग्ण तपासणी संरक्षणाच्या कक्षेत आणावी. एरवी विम्याचे कार्ड घरात असूनही दुखणे पदराआडच राहील.