समुद्रातील उथळ पाया आणि धारणक्षमतेचे सूत्र : एक चिकित्सक अभ्यास

प्रस्तावना

कार्ल टर्झागी यांनी 1943 साली प्रसिद्ध केलेल्या मृदायांत्रिकीवरील ग्रंथात उथळ पायाची व्याख्या केली. ज्या पायाची खोली त्याच्या रुंदीइतकी किंवा त्याहून कमी असते तो उथळ पाया होय. ही व्याख्या जमिनीवरील इमारतींच्या अनुभवातून घडली. नॉर्वेचा ‘ट्रोल ए’ हा काँक्रीटचा तेलवायू मंच 1995 साली उत्तर समुद्रात 303 मीटर खोल पाण्यात उभा करण्यात आला. त्याच्या तळाच्या काँक्रीट भिंती, म्हणजेच स्कर्ट, मऊ चिकणमातीत सुमारे 36 मीटर रुतलेल्या आहेत. तळाची रुंदी शंभर मीटरहून अधिक असल्याने व्याख्येनुसार हा पायाही ‘उथळ’च ठरतो. एकच संज्ञा दुमजली घराच्या पायाला आणि अशा मंचाला लागू होत असेल, तर त्या संज्ञेमागील सूत्र दोन्ही ठिकाणी सारखेच विश्वसनीय आहे काय, हा प्रश्न उपस्थित होतो. प्रस्तुत लेखात याच प्रश्नाची चिकित्सा केली आहे.

अभिजात सूत्राची घडण

टर्झागींच्या सूत्रात पायावरील भार उभा आणि मध्यवर्ती मानला आहे. मातीचा संसंजन गुण, बाजूच्या मातीचे वजन आणि पायाखालील मातीचे स्वतःचे वजन या तीन घटकांच्या बेरजेतून धारणक्षमता काढली जाते. पुढे मेयरहॉफ यांनी 1953 साली उत्केंद्री भारासाठी ‘परिणामी रुंदी’ची कल्पना मांडली. भार मध्यापासून जितका सरकेल त्याच्या दुप्पट रुंदी वजा करावी आणि उरलेल्या रुंदीवर भार मध्यवर्ती आहे असे समजावे, ही ती कल्पना होय. ब्रिंच हॅन्सन यांनी 1970 साली तिरप्या भारासाठीचे गुणक अधिक विस्ताराने मांडले. आपल्याकडील ‘आयएस 6403 : 1981’ ही संहिता याच परंपरेतील असून अभियांत्रिकी महाविद्यालयांतील अध्यापनही बहुतांशी याच चौकटीत होते.

या परंपरेचे सामर्थ्य तिच्या साधेपणात आहे. मर्यादाही तेथेच आहे. मूळ प्रमाण उभ्या भाराचे असून आडवा भार आणि आघूर्ण ही त्यातील दुरुस्ती म्हणून येतात. जमिनीवर हे खपून जाते, कारण तेथे इमारतीचे वजन सामान्यतः प्रमुख असते व वाऱ्याचा रेटा गौण असतो.

पर्यावरणीय भारांचे स्वरूप

समुद्रात हे नाते बदलते. लाट, प्रवाह आणि वारा यांचा आडवा रेटा प्रचंड असतो. तो तळापासून बऱ्याच उंचीवर लागत असल्याने पायावर मोठे आघूर्ण निर्माण होते. येथे दुरुस्तीचाच भाग मुख्य होऊन बसतो.

दुसरी बाब पुनरावृत्तीची. लाटांचा आवर्तकाल बारा सेकंद धरला, तर सहा तासांच्या वादळात पायावर सुमारे 1800 हेलकावे बसतात. प्रत्येक हेलकाव्यागणिक मातीच्या कणांमधील पाण्याचा दाब थोडा वाढू शकतो आणि मातीचे कर्तनबल त्या प्रमाणात घटते. लॉरिट्स ब्येरुम यांनी 1973 साली उत्तर समुद्रातील पायांच्या समस्यांवर लिहिताना या प्रश्नाकडे लक्ष वेधले. त्यानंतर नॉर्वेजियन भूतांत्रिकी संस्थेत ड्रॅमेन येथील चिकणमातीवर झालेल्या चाचण्यांतून चक्रीय भाराखालील कर्तनबल मोजण्याची पद्धत विकसित झाली. अभिजात सूत्रात मातीचे बळ ही एक ठरलेली संख्या असते, तर या पद्धतीत ते वादळाच्या इतिहासावर अवलंबून असते. हा फरक केवळ तपशिलाचा नसून मूळ गृहीतकाचा आहे.

ड्रॉप्नर ई : एक कसोटी

या संदर्भात नॉर्वेच्या ‘ड्रॉप्नर ई’ मंचाचे उदाहरण विशेष बोलके आहे. 1994 साली सुमारे 70 मीटर खोल पाण्यात, घट्ट वाळूवर हा पोलादी सांगाडा खांबांऐवजी चार उलट्या बादल्यांसारख्या पायांवर उभारण्यात आला. प्रत्येक बादलीचा व्यास 12 मीटर व कडेची उंची 6 मीटर. बादलीतील पाणी उपसून आत-बाहेरच्या दाबात फरक निर्माण केला की ती स्वतःच वाळूत रुतते. मोठी लाट आली की समोरच्या बाजूच्या बादल्या वर खेचल्या जातात. पायाखालील माती ताण घेत नाही, हे परिणामी रुंदीच्या कल्पनेतील गृहीतक. त्यानुसार ही खेच बादलीचे वजन आणि कडेचे घर्षण यांच्याच भरवशावर उरते.

प्रत्यक्षात लाटेची खेच काही सेकंदच टिकते. एवढ्या अवधीत कडेखालून पाणी आत शिरू शकत नाही. शिवाय घट्ट वाळू कर्तनात फुगू पाहते, त्यामुळे आतील दाब घटतो आणि चूषण निर्माण होऊन पाया धरून ठेवला जातो. या चूषणाची कमाल मर्यादा पाण्याच्या खोलीवर ठरते. 70 मीटर पाण्याचा दाब व वातावरणाचा दाब मिळून ती सुमारे आठ वातावरणांइतकी होते. म्हणजे जी खोली एरवी अभियंत्याची अडचण असते, तीच येथे त्याची पाठराखण करते.

1 जानेवारी 1995 रोजी याच मंचावर 25.6 मीटर उंचीची लाट नोंदली गेली आणि मंचाची केवळ किरकोळ हानी झाली. पाया नवीन प्रकारचा असल्यामुळे मंचावर मोजणीची उपकरणे मोठ्या प्रमाणात बसवलेली होती. समुद्रविज्ञानात गाजलेली ती नोंद अभियंत्यांनी स्वतःच्या गणितावर ठेवलेल्या निरोगी संशयाचे फलित होय.

पर्यायी मांडणी आणि तिच्या मर्यादा

अभिजात सूत्राला पर्याय म्हणून उभा भार, आडवा भार आणि आघूर्ण यांना तीन समान अक्ष मानून अपयशाचा एक पृष्ठभाग कल्पिला जातो. भारांचा बिंदू या पृष्ठभागाच्या आत असेल तर पाया सुरक्षित. रॉस्को व स्कोफिल्ड यांच्या 1950 च्या दशकातील कार्यात या विचाराचे बीज आढळते आणि बटरफिल्ड, हाऊल्सबी, रँडॉल्फ आदींनी तो पुढे नेला. या मांडणीतून एक महत्त्वाची गोष्ट उघड होते. वाळूवरील पायाच्या बाबतीत उभा भार अंतिम क्षमतेच्या निम्म्याच्या आसपास असताना आडवा भार पेलण्याची शक्ती सर्वाधिक असते. त्याहून उभा भार कमी झाला तर पाया घसरण्याचा वा उलटण्याचा धोका वाढतो. केवळ उभ्या भाराचे गुणोत्तर म्हणून सांगितलेला सुरक्षांक हा धोका झाकून ठेवतो.

तथापि ही मांडणीही सर्वसमावेशक नाही. एकोफिस्क येथे 1973 साली 70 मीटर पाण्यात दहा लाख बॅरल क्षमतेची काँक्रीटची टाकी घट्ट वाळूवर बसवण्यात आली. 1984 मध्ये तेथील समुद्रतळच खचत असल्याचे लक्षात आले, कारण खोलवरचा तेलधारी चुनखडक तेल काढल्याने दबत होता. 1987 साली शेजारचे पोलादी मंच सहा मीटर उचलावे लागले व 1989 मध्ये टाकीभोवती संरक्षक भिंत उभारण्यात आली. पायाखालची माती तुटली नव्हती, तरीही लाटेचा माथा आणि मंच यांतील सुरक्षित अंतर घटले होते. धारणक्षमतेच्या कोणत्याही सूत्रात या संकटाला जागा नाही.

निष्कर्ष

अभिजात सूत्र चुकीचे आहे, असा या विवेचनाचा अर्थ नाही. ते विशिष्ट परिस्थितीसाठी बांधलेले असून ती परिस्थिती विसरून त्याचा वापर करणे हा दोष आहे. स्कर्ट असलेल्या पायांबाबत ते अनाठायी खर्च वाढवते, तर हलक्या वजनाच्या पायांबाबत खोटा दिलासा देऊ शकते. मुंबई हाय येथील मंच प्रामुख्याने खोल रोवलेल्या खांबांवर उभे असल्याने हा प्रश्न आपल्याकडे फारसा चर्चिला गेला नाही. परंतु भारताने 2015 साली सागरी पवनऊर्जा धोरण स्वीकारले आहे. पवनचक्कीचे वजन कमी व आघूर्ण मोठे असते. स्कॉटलंडमधील ॲबर्डीनच्या उपसागरात 2018 साली अकरा पवनचक्क्या बादलीच्या पायांवर उभ्या राहिल्या. त्या मानाने गुजरात किंवा तमिळनाडूच्या उथळ पाण्यात चूषणाची मर्यादा ड्रॉप्नरपेक्षा बरीच कमी असेल, हे येथील अभियंत्याला स्वतंत्रपणे तपासावे लागेल. म्हणून पदवीच्या वर्गात सूत्र शिकवताना त्याची गृहीतकेही तितक्याच आग्रहाने शिकवणे अगत्याचे ठरते.