अपघातांच्या कोष्टकातील हरवलेला भाजक

केंद्रीय रस्ते वाहतूक व महामार्ग मंत्रालयाच्या वार्षिक अहवालात २०२२ सालासाठी ४,६१,३१२ अपघातांची व १,६८,४९१ मृत्यूंची नोंद आहे. हवामान, रस्त्याची घडण, चौकाचा प्रकार यांनुसार हे आकडे निरनिराळ्या कोष्टकांत विभागलेले आहेत. संकलनाचे हे परिश्रम निःसंशय मोलाचे होत. परंतु त्यांवरून काढली जाणारी अनुमाने तपासून पाहण्याजोगी आहेत.

सुमारे तीन-चतुर्थांश अपघात निरभ्र हवामानात आणि सुमारे दोन-तृतीयांश सरळ रस्त्यावर घडले, असे ही कोष्टके सांगतात. यावरून पाऊस किंवा वळण फारसे धोक्याचे नाही असा समज होतो. वस्तुतः वर्षाचे बहुतेक दिवस निरभ्र असतात आणि रस्त्याची बहुतेक लांबी सरळ असते. समजा, एकूण वाहन-किलोमीटरांपैकी शेकडा ८ पावसात होतात आणि अपघातांपैकी शेकडा १२ पावसात घडतात. तर पावसातील अपघातांचा दर इतर वेळच्या दराच्या दीडपटीहून अधिक ठरेल. कोष्टकात मात्र शेकडा १२ हा क्षुल्लक वाटणारा आकडाच दिसेल. अंश आहे, भाजक नाही.

कारणांच्या कोष्टकाची गत याहून वेगळी नाही. सत्तर टक्क्यांहून अधिक अपघात अतिवेगाच्या माथी आहेत; खड्ड्यांच्या नोंदीखाली ४,४४६ अपघात, म्हणजे शेकडा एकाहूनही कमी. खड्डा चुकविण्यासाठी दुचाकीस्वार एकाएकी बाजूला वळला आणि मागून येणाऱ्या मालमोटारीने त्याला धडक दिली, तर तो अपघात कोणत्या रकान्यात जाईल? पोलिसी नोंदीचा हेतू दोष निश्चित करण्याचा असतो, आणि खड्ड्यावर खटला भरता येत नाही.

यावरचा उपाय संख्याशास्त्राजवळ आहे. ग्रीनवुड व यूल यांनी १९२० साली दारूगोळ्याच्या कारखान्यांतील कामगारांच्या अपघातांचा अभ्यास करताना असे दाखविले की, प्रत्येकाचा धोका सारखा नसेल तर अपघातांचे प्रचरण सरासरीहून मोठे होते. तेथे पॉयसाँ वितरण अपुरे पडते व ऋण द्विपद वितरण उपयोगी ठरते. रस्त्यांच्या तुकड्यांना हेच लागू पडते. वाहतुकीचे प्रमाण, रुंदी, वळणाची त्रिज्या, पृष्ठभागाचे घर्षण ही चले घेऊन अपेक्षित अपघातसंख्येचे प्रतिमान बांधले, म्हणजे रस्त्याचा वाटा निदान विचारात तरी येतो. अर्थात प्रतिमानही भाबडेपणाने वाचून चालत नाही. खडबडीत रस्त्यावर चालक वेग कमी करतो. तेव्हा वेगाची नोंद नसेल तर खराब पृष्ठभागच सुरक्षित असल्याचा भास गुणकावरून होऊ शकतो.

परंतु सर्वांत गंभीर प्रश्न अपघातप्रवण स्थळांचा आहे, कारण तेथे पैसा खर्च होतो. मंत्रालयाच्या व्याख्येनुसार राष्ट्रीय महामार्गाच्या सुमारे ५०० मीटरांच्या तुकड्यावर तीन वर्षांत मृत्यू किंवा गंभीर दुखापतीचे ५ अपघात घडले, अथवा १० मृत्यू झाले, तर ते स्थळ अपघातप्रवण ठरते. आता १,००० तुकडे असे कल्पावेत की, प्रत्येकाची तीन वर्षांची खरी सरासरी २ अपघात आहे व कोणताही दुसऱ्याहून वाईट नाही. पॉयसाँ वितरणानुसार त्यांतील सुमारे ५३ तुकड्यांवर केवळ योगायोगाने ५ किंवा अधिक अपघात घडतील. त्या ५३ तुकड्यांची त्या काळातील सरासरी सुमारे ५.४ भरेल, पुढील तीन वर्षांत काहीही न करता ती २ च्या आसपास येईल. या अवधीत तेथे नुसता एक फलक रोवला असता, तरी अपघात साठ टक्क्यांहून अधिक घटल्याचे श्रेय त्या फलकाला मिळाले असते! सरासरीकडे परतण्याच्या या प्रवृत्तीचा हिशेब कसा धरावा, याचे सविस्तर विवेचन एझ्रा हाउअर यांनी १९९७ सालच्या आपल्या ग्रंथात केले आहे. त्यांच्या अनुभवाधिष्ठित बेझ पद्धतीत स्थळाची प्रत्यक्ष नोंद आणि तत्सम स्थळांच्या प्रतिमानातून येणारी अपेक्षा यांना योग्य भार देऊन अंदाज केला जातो. ही अपेक्षा काढण्यास पुन्हा वाहतुकीचे प्रमाण लागतेच.

अपघाताचे अक्षांश-रेखांश आता संगणकीय प्रणालीत नोंदविले जातात. पथकर नाक्यांवरून जाणाऱ्या वाहनांची मोजणीही २०२१ पासून फास्टॅगमुळे सुकर झाली आहे. या दोन नोंदी तुकड्यागणिक जोडल्या, तर महामार्गांपुरता भाजक मिळू शकेल. जिल्हा मार्गांवर पथकर नाका नाही. तेथे ठरावीक दिवशी माणूस बसवून वाहने मोजावी लागतील.