मराठी उपासनागीत आणि बहुस्वरी समूहगान : एक चिकित्सक विचार

प्रस्तावना

मराठी वाङ्मयाच्या अभ्यासात ख्रिस्ती कवितेचा विचार झाला आहे. परंतु तो प्रामुख्याने काव्य म्हणून झाला आहे. ही कविता बहुतांशी गाण्यासाठी, तेही अनेकांनी मिळून गाण्यासाठी लिहिली गेली, या बाबीकडे समीक्षेने पुरेसे लक्ष दिलेले नाही. दुसरीकडे मुंबईतील पाश्चात्त्य पद्धतीचे गायकवृंद आणि वाद्यवृंद यांचा विचार मराठी संगीतसमीक्षेने आपल्या कक्षेबाहेरचा मानला. परिणामी एक मूलभूत प्रश्न विचारला गेला नाही. तो असा की, चार आवाजांत गायले जाणारे समूहगान मराठी शब्दाला पेलता येते काय? प्रस्तुत लेखात उपासनामंदिर आणि संगीतसभागृह या दोन्ही ठिकाणच्या निर्मितीच्या आधारे या प्रश्नाचा विचार केला आहे.

अँथमची संकल्पना

इंग्लंडमधील प्रॉटेस्टंट उपासनेत दोन प्रकारची गीते आढळतात. एक, संपूर्ण मंडळीने गायचे स्तोत्र. आणि दुसरे, प्रशिक्षित गायकवृंदाने गायचे व मंडळीने ऐकायचे धर्मगीत. या दुसऱ्या प्रकारास अँथम म्हणतात. त्यात सोप्रानो, आल्टो, टेनर व बास असे चार आवाज एकाच वेळी वेगवेगळे स्वर गातात आणि त्यांतून स्वरसंवाद, म्हणजेच हार्मनी, सिद्ध होते. हँडेलने १७२७ साली राज्याभिषेकासाठी रचलेले 'झेडॉक द प्रीस्ट' हे अँथम त्यानंतरच्या प्रत्येक ब्रिटिश राज्याभिषेकात, अगदी २०२३ च्या समारंभातही, गायले गेले. त्याच हँडेलचे 'मसाया' हे धार्मिक विषयावरील गानकाव्य १७४२ साली डब्लिनमध्ये प्रथम सादर झाले, ते मात्र चर्चमध्ये नव्हे, तर संगीतसभागृहात. याचा अर्थ, या परंपरेत उपासना आणि संगीतसभा यांच्यामध्ये सतत देवाणघेवाण राहिली. महाराष्ट्रात कीर्तन आणि संगीत नाटक यांच्यामध्ये अशीच देवाणघेवाण झाल्याचे आपणांस ठाऊक आहे.

टिळकांची निवड आणि तिचा अर्थ

१८१३ साली मुंबईत आलेल्या अमेरिकन मराठी मिशनने व इतर मिशनांनी आरंभी इंग्रजी स्तोत्रांची भाषांतरे मूळ चालींवर बसविली. येथील अडचण केवळ परकेपणाची नव्हती, तर छंदशास्त्रीय होती. इंग्रजी स्तोत्राची चाल शब्दातील आघातावर उभी असते. मराठीत शब्दाचे वजन आघाताने नव्हे, तर ऱ्हस्व-दीर्घाने ठरते. त्यामुळे भाषांतरात अनेकदा चालीतील लांब स्वराखाली मराठीतील ऱ्हस्व अक्षर येते. शब्द ताणला जातो आणि अर्थ निसटतो.

या अडचणीवरील उपाय मराठी परंपरेतच उपलब्ध होता. फादर थॉमस स्टीफन्स यांनी १६१६ साली राशोल येथे छापलेले 'क्रिस्तपुराण' ओवीत रचले होते. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात अहमदनगर (आजचे अहिल्यानगर) परिसरात कृष्णराव सांगळे यांच्यासारख्या कवींनी कीर्तनाची पद्धत ख्रिस्ती उपासनेत आणली. या प्रवाहाला पूर्णत्व दिले ते रेव्हरंड नारायण वामन टिळक (१८६१-१९१९) यांनी. १८९५ साली ख्रिस्ती झालेले टिळक तुकोबांच्या सेतूवरून आपण ख्रिस्ताकडे आलो असे मानीत. मराठी मंडळ्यांत गायल्या जाणाऱ्या 'उपासना संगीत' या संग्रहात त्यांच्या सुमारे अडीचशे रचना आहेत. अभंग, पदे, भजने अशा त्या रचना टाळ, तबला व पेटीच्या साथीने गायल्या जातात.

टिळकांच्या या निवडीकडे 'भारतीयीकरण' या एकाच शब्दाने पाहण्याची प्रथा आहे. ती अपुरी वाटते. टिळकांनी केवळ राग आणि छंद निवडले नाहीत. त्यांनी गाणारा कोण हेही निवडले. अहमदनगर-जालना भागातील मंडळ्यांतील मोठा वर्ग अस्पृश्य मानल्या गेलेल्या जातींतून आलेला होता आणि त्यातील अनेकांना अक्षरओळख नव्हती. चार आवाजांची स्वरलिपी वाचणारा गायकवृंद तेथे उभा करणे म्हणजे उपासनेतील गाणे मूठभर शिक्षितांच्या हाती देणे ठरले असते. एकाने ओळ म्हणावी व सर्वांनी ती उचलावी, ही भजनाची रीत मात्र सर्वांना सामावून घेणारी होती. म्हणून हार्मनीचा त्याग हा येथे कलात्मक दारिद्र्याचा भाग नसून सामाजिक समावेशाची किंमत होती. ती किंमत देणे त्या काळी योग्यच होते, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे.

दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेच्या १९६३ सालच्या उपासनाविषयक दस्तऐवजाने मातृभाषेला वाव दिला आणि स्थानिक संगीतपरंपरांचा आदर करण्यास सांगितले. वसईसारख्या मराठी भाषक कॅथलिक परिसरात लॅटिनच्या जागी मराठी गीते आली. प्रॉटेस्टंट मंडळ्यांनी अर्धशतकापूर्वी गाठलेल्या टप्प्यावर कॅथलिक मंडळीही आली.

संगीतसभागृहातील प्रयोग

याच काळात मुंबईत उलट दिशेने काम चालू होते. गोव्यातील ख्रिस्ती पॅरिश शाळांनी पिढ्यान्‌पिढ्या मुलांना स्वरलिपी व व्हायोलिन शिकविले. तेथील मिसा व मोटेट लॅटिनमध्ये गायल्या जात. परंतु कोंकणी 'मांडो' दोन आवाजांत, तिसऱ्या व सहाव्या स्वराच्या अंतराने गायला जातो. मराठीच्या सख्ख्या बहिणीने दोन आवाज सहज स्वीकारले आहेत, ही बाब 'आपल्या भाषांना हार्मनी मानवत नाही' या समजुतीला छेद देणारी आहे. अर्थात मांडो रागाधिष्ठित नाही. त्यामुळे रागाचा प्रश्न शिल्लक राहतो.

तो प्रश्न माजोर्डा येथे १९२७ साली जन्मलेल्या अँथनी गोन्साल्विस यांनी हाती घेतला. हिंदी चित्रपटसंगीतात वादक व वाद्यमेळ संयोजक असलेल्या गोन्साल्विस यांनी १९५८ साली इंडियन सिम्फनी ऑर्केस्ट्रा स्थापन केला. सेंट झेवियर महाविद्यालयाच्या प्रांगणात 'सोनाटिना इंडियाना' व राग सारंगमधील कॉन्चेर्टो या त्यांच्या रचना सादर झाल्या. लता मंगेशकर आणि मन्ना डे यांचे गायनही या वाद्यवृंदासोबत झाले.

या प्रयत्नातील अडचण तांत्रिक उदाहरणाने स्पष्ट होईल. वृंदावनी सारंगात गंधार व धैवत वर्ज्य आहेत. त्यामुळे षड्ज-गंधार-पंचम हा पाश्चात्त्य संगीताचा आधारभूत कॉर्ड या रागात मिळतच नाही. पंचम-निषाद-ऋषभ किंवा कोमल निषाद-ऋषभ-मध्यम असे कॉर्ड मिळतात. पण ज्या षड्जावर राग विसावतो, त्याला आपला पूर्ण कॉर्ड नसतो. भूपासारख्या पाच स्वरांच्या रागात तर षड्ज-गंधार-पंचम आणि धैवत-षड्ज-गंधार असे दोनच पूर्ण कॉर्ड संभवतात. म्हणजे रचनाकाराला एक तर वर्ज्य स्वर घ्यावा लागतो किंवा कॉर्डची नेहमीची व्यवस्था सोडून नवी शोधावी लागते. या शोधाचे मोल गोन्साल्विस यांच्या निमित्ताने आपल्या समीक्षेने करावयास हवे होते. १९७७ सालच्या एका चित्रपटगीतातील नावापुरतीच त्यांची आठवण बहुसंख्यांच्या मनात उरली, हे समीक्षेचे अपयश होय.

कंठसंगीताच्या क्षेत्रात व्हिक्टर परांज्योती यांनी १९५६ साली मुंबईत स्थापन केलेला गायकवृंद महत्त्वाचा ठरतो. १९६७ साली त्यांच्या निधनानंतर कूमी वाडिया यांनी त्याचे नेतृत्व केले. परांज्योतींची 'द्रविडियन डिथिरॅम्ब' ही रचना भारतीय स्वर-लयीची आहे व ती चार आवाजांत गायली जाते. मात्र तिच्यात अर्थवाही शब्द नाहीत, निरर्थक अक्षरे आहेत. वनराज भाटिया (१९२७-२०२१) यांनी समूहगानासाठी गीतेतील संस्कृत श्लोक घेतला, तर 'अग्निवर्षा' या ऑपेरासाठी इंग्रजी संहिता. २००६ साली एनसीपीएमध्ये स्थापन झालेल्या सिम्फनी ऑर्केस्ट्रा ऑफ इंडियाने झाकीर हुसेन यांचा तबला कॉन्चेर्टो 'पेशकार' २०१५ साली सादर केला, तो वाद्यांपुरता आहे. या चारही रचना मुंबईशी निगडित आहेत. एकीतही मराठी शब्द नाही.

शब्दाचा प्रश्न

यावरून एक विभागणी दिसून येते. उपासनागीताने शब्द राखला व स्वरसंवाद सोडला. संगीतसभेने स्वरसंवाद राखला व मराठी शब्द सोडला. भाषांतरित गीते चार आवाजांत गाणारे मराठी गायकवृंद मंडळ्यांत आहेत; पण त्यांच्या चाली परक्याच असतात आणि वर नोंदविलेली छंदाची अडचण तशीच राहते.

मराठी शब्द टाळण्यामागे काही कारण आहे. मोठ्या अभंगाच्या सहा-सहा-सहा-चार अक्षरांच्या बांधणीत दुसऱ्या व तिसऱ्या चरणाचे यमक आणि त्यानंतरचा आखूड चौथा चरण यांवर अर्थाचा भार असतो. चार आवाज एकामागोमाग वेगवेगळ्या वेळी प्रवेश करू लागले, तर हे यमक ऐकू येत नाही. बहुस्वरी गायनात धर्मवचन ऐकू येत नाही, ही तक्रार सोळाव्या शतकात युरोपातही झाली होती. ती अभंगाला अधिकच लागू पडते.

मात्र येथून मार्ग निघत नाही असे नव्हे. सर्व आवाजांनी एकच अक्षर एकाच वेळी उच्चारले, तर यमक सुरक्षित राहते. खालच्या आवाजाने कॉर्ड बदलत नेण्याऐवजी तंबोऱ्याप्रमाणे षड्ज-पंचम धरून ठेवला, तर रागही सुरक्षित राहतो. मधल्या आवाजांनी केवळ रागातील स्वर घेऊन मुख्य चालीला उत्तर द्यावे आणि ध्रुपद मात्र सर्व मंडळीने एकस्वरात म्हणावे. कीर्तनात बुवा, झीलकरी, टाळकरी आणि श्रोते असे स्तर पूर्वापार आहेतच. प्रशिक्षित गायक व सर्वसामान्य मंडळी यांना एकाच रचनेत स्थान देण्याची पद्धत आपल्याला नव्याने शिकावी लागणार नाही. टिळकांनी जपलेला समावेश न सोडता अँथमची शक्यता अशा रचनेत आहे.

समारोप

वरील विवेचनावरून पुढील निष्कर्ष काढता येतात.

१. मराठी उपासनागीतातील एकस्वरी गायन ही उणीव नसून विशिष्ट सामाजिक परिस्थितीत केलेली जाणीवपूर्वक निवड होती. परिस्थिती बदलल्यानंतरही तिला अपरिवर्तनीय नियम मानणे मात्र योग्य नाही.

२. राग आणि स्वरसंवाद यांतील विरोध खरा आहे. परंतु तो कॉर्डच्या रूढ व्यवस्थेशी आहे, एकत्र वाजणाऱ्या अनेक स्वरांशी नाही.

३. मुंबईतील सभागृहीन प्रयोगांनी रागाचा प्रश्न हाताळला, पण मराठी शब्दाचा प्रश्न टाळला. हे काम अद्याप व्हावयाचे आहे.

या कामात महाविद्यालयांचा वाटा मोठा असू शकतो. नवी मुंबईसारख्या, १९७० नंतर उभ्या राहिलेल्या शहरात एकाच वर्गात भजनी मंडळातून आलेला विद्यार्थी आणि चर्चच्या गायकवृंदातून आलेली विद्यार्थिनी शेजारी बसतात. विद्यापीठीय युवा महोत्सवांत मात्र 'भारतीय समूहगान' आणि 'पाश्चात्त्य समूहगान' अशा दोन स्वतंत्र स्पर्धा असतात व हे दोघे दोन वेगळ्या संघांत जातात. मराठी विभाग आणि सांस्कृतिक विभाग यांनी मिळून एखादा अभंग या दोघांकडून एकत्र बसवून घेतला, तर प्रस्तुत लेखात मांडलेल्या शक्यतेची प्रत्यक्ष कसोटी लागेल. ती यशस्वी ठरली नाही, तरी मराठी शब्द कोठे अडतो हे निश्चितपणे कळेल आणि पुढील विवेचनाला ठोस आधार मिळेल.