साठ चौकोनांचा गुच्छ

रुखवतात नजर आधी जाते ती लाडू-करंज्यांच्या ताटांकडे, मग सजवलेल्या सप्तपदीकडे. कागदी फुलांचा गुच्छ बहुधा मागच्या पडद्याला टाचलेला असतो आणि फोटो काढण्यापुरताच पाहिला जातो. वरळीच्या बीडीडी चाळीत लग्न असलं की माझे पाय मात्र आधी त्या गुच्छापाशी थांबतात.

हा घडीचा गुच्छ मूळचा जपानी, कुसुदामा. तिकडे पूर्वी औषधी वनस्पती आणि सुगंधी द्रव्यं भरून असे गोळे टांगत. आपल्याकडे तो घोटीव कागदात रुळला. चौकोन कर्णावर दुमडून त्रिकोण करायचा, दोन्ही कोपरे शेंड्याला आणायचे, ते पंख उघडून चपटे दाबायचे, वर डोकावणारी टोकं आत मुडपायची आणि कडेला डिंक लावून द्रोण वळवायचा. ही झाली एक पाकळी. पाच पाकळ्यांचं एक फूल, बारा फुलांचा एक गुच्छ. म्हणजे साठ चौकोन, आणि कात्री लागते ती फक्त चौकोन कापायला.

आता फूल जवळ घेऊन बघा. प्रत्येक पाकळीच्या पोटात दोन छोटे दुमडे उभे असतात, तेच याचे केसर. वेगळे चिकटवलेले नाहीत, त्याच कागदातून निघालेले. नखानं घडी दाबली की घोटीव कागदाची चकाकी तिथं फुटते आणि पांढरी रेघ उमटते. एका पाकळीवर ती सरळ, धारदार असते, शेजारच्या पाकळीवर किंचित सरकलेली. एकाच फुलात दोन हात लागलेत, हे तिथं कळतं. एखाद्या पाकळीचं टोक मध्याला नीट टेकलं नाही, तर पुढच्या चार पाकळ्या तेवढं सांभाळून घेतात.

चाळीत हात कमी पडत नाहीत. १९२०च्या दशकात बांधलेल्या या इमारतींत १६० चौरस फुटांची खोली, मधून लांब व्हरांडा आणि मजल्यावर वीस दारं. खोलीत साठ चौकोन पसरायला जागा नाही, म्हणून काम व्हरांड्यात येतं आणि येणारी-जाणारी बाई दोन पाकळ्या वळून पुढे जाते.

क्रेपचा गुलाब गुलाबाची नक्कल करतो, आणि खऱ्या फुलांसाठी दादरचा फूलबाजार आहेच. घडीचं फूल कुठल्याच झाडाचं नसतं. ते आपण कागद असल्याचं लपवत नाही. कागदातून एवढं निघू शकतं हेच ते दाखवतं. मला त्याची थोरवी इथं वाटते.

चाळींच्या पुनर्विकासात ऑगस्ट २०२५मध्ये इथल्या पहिल्या ५५६ कुटुंबांना नव्या टॉवरमधल्या ५०० चौरस फुटांच्या घरांच्या चाव्या मिळाल्या. हक्काची, ऐसपैस घरं, आनंदच आहे. रुखवत आता भाड्यानंही मिळतं, नीटनेटकं आणि चकचकीत. पण त्यातल्या गुच्छाच्या साठही पाकळ्या एकसारख्या असतात, आणि कोणती कोणी वळली हे सांगायला तिथं कुणी नसतं. नव्या घरात पहिलं लग्न निघेल तेव्हा बाकीचं सगळं खुशाल विकत आणावं. गुच्छ तेवढा शेजाऱ्यांना बोलावून घरी वळावा.