झीलकऱ्याचे नाव : इव्हा जेसीच्या निमित्ताने

माझे चुलते गावच्या जलशात झील धरीत. शाहिराचे नाव पाच-पंचवीस गावांत माहीत होते. चुलत्यांचे नाव आमच्या वस्तीबाहेर कोणाला ठाऊक नव्हते. मात्र शाहिराचा श्वास संपला की ओळ उचलून धरणारा, तिला गर्दीच्या शेवटच्या टोकापर्यंत पोचवणारा आवाज त्यांचा असे. आपली समीक्षा कवीची दखल घेते, आत्मकथनकाराची घेते, अलीकडे शाहिराचीही घेते. झीलकऱ्याची दखल कोण घेणार? हा प्रश्न माझ्या मनात बरीच वर्षे आहे, आणि त्याचे थोडेफार उत्तर मला एका दूरच्या बाईच्या आयुष्यात सापडले. म्हणून हा लेख.

जनार्दन वाघमारे यांच्या लेखनामुळे अमेरिकेतील कृष्णवर्णीयांचे साहित्य मराठी वाचकाच्या परिचयाचे झाले. रिचर्ड राइट, लँग्स्टन ह्यूज, बाल्डविन ही नावे आपण आपल्या माणसांसारखी घेतो. १९७२ साली मुंबईत पँथर जन्मली ती त्या नात्याची खूण घेऊनच. पण आपण तिथून पुस्तके आणली, रंगमंच आणला नाही. इव्हा जेसी हे नाव म्हणूनच आपल्याकडे फारसे कोणी घेत नाही. नाटक, ऑपेरा, चित्रपट, रेडिओ, वृत्तपत्र आणि समूहगान या साऱ्या क्षेत्रांत ही बाई सहा दशके वावरली. ती प्रत्येक ठिकाणी समूहाला उभे करणारी होती. रूढ अर्थाने नायिका ती कुठेच नव्हती.

तिचा जन्म १८९५ साली कॅन्ससमधील कॉफीव्हिल या गावी झाला. गुलामगिरी कायद्याने संपून तेव्हा तीसच वर्षे झाली होती. आजी आणि मावश्या-आत्यांच्या हातांखाली ती वाढली. लहानपणीच कृष्णवर्णीय संगीतकार विल मॅरियन कुक याची मंडळी गावात आली असता त्याच्या संगीताच्या नकला उतरवून देण्याचे काम तिने केले. आपले संगीत कागदावर उतरते, आणि ते उतरवणारा माणूस आपल्यातलाच असू शकतो, हा केवढा मोठा धडा! पुढे क्विंडारो येथील वेस्टर्न विद्यापीठ आणि ओक्लाहोमातील लँग्स्टन विद्यापीठ येथे शिक्षण, शाळामास्तरकी, बाल्टिमोरच्या मॉर्गन महाविद्यालयात समूहगानाचे काम आणि त्याच शहरातील कृष्णवर्णीयांच्या वृत्तपत्रात नोकरी असा प्रवास करीत १९२६ च्या सुमारास ती न्यूयॉर्कला आली.

१९२७ साली तिचा 'माय स्पिरिच्युअल्स' हा संग्रह निघाला. गुलामांच्या भक्तिगीतांचे संग्रह त्याआधीही निघाले होते. जेसीने वेगळे काय केले? ही गाणी आपण कोणाच्या तोंडून ऐकली, ती माणसे कशी होती, हे तिने गाण्यासोबत सांगितले. 'लोकगीत' म्हटले की गाणारा नाहीसा होतो. लोक म्हणजे कोणीच नाही, असा अभिजनांचा हिशोब असतो. जेसीने तो हिशोब मोडला. आपल्याकडे जात्यावरच्या ओव्या गोळा करणाऱ्या किती विद्वानांनी दळणाऱ्या बाईचे नाव लिहून घेतले?

१९२९ साली किंग व्हिडोर या गोऱ्या दिग्दर्शकाने 'हालेलूया' हा बोलपट काढला. सारे कलावंत कृष्णवर्णीय, समूहगानाची जबाबदारी जेसीकडे. त्या काळी ही मोठीच गोष्ट होती. पण चित्रपटातला कृष्णवर्णीय माणूस कसा? कापूस वेचणारा, गाणारा-नाचणारा, भक्तीत घुमणारा आणि वासनेत घसरणारा. ज्या मालकाने कापूस पिकवून घेतला तो पडद्यावर जवळजवळ नाहीच. शोषक गाळून शोषिताचे दुःख दाखवले की दुःख हा त्याचा स्वभाव ठरतो! जेसीने या चित्रपटात काम केले, आणि पुढच्याच वर्षी कृष्णवर्णीयांच्या वृत्तपत्रात त्याच्या निर्मितीत कलावंतांना कशी वागणूक मिळाली, मोबदल्यात कसा भेद झाला, हे लिहिले. काम करायचे आणि गप्प बसायचे नाही, ही तिची रीत.

१९३४ साली व्हर्जिल थॉमसन यांचे संगीत आणि गर्ट्रूड स्टाइन यांचे शब्द असलेला 'फोर सेंट्स इन थ्री अ‍ॅक्ट्स' हा ऑपेरा हार्टफर्ड येथे आणि लगेच ब्रॉडवेवर झाला. विषय स्पेनमधल्या संतांचा. गाणारे सारे कृष्णवर्णीय. समूह जेसीचा आणि नृत्यरचना फ्रेडरिक अ‍ॅश्टन यांची. इथे समूहाला एकाच वेळी गायचे आणि हलायचे होते; देह आणि आवाज यांची फाळणी नव्हती. कृष्णवर्णीय कलावंताने फक्त कृष्णवर्णीयांचे दुःखच गायचे, हे बंधन इथे तुटले. तालमींचे पैसे देण्याची तेव्हा पद्धत नव्हती. जेसीने आपल्या माणसांसाठी ते मागितले. तालीम ही मजुरी आहे, हे तिला नीट कळले होते. आपल्याकडे 'समाजकार्य' म्हणून रात्रभर फुकट गाऊन घेणाऱ्यांना ते अजून कळायचे आहे, आणि त्यांत आपले लोकही आहेत.

खरा वाद पुढचाच. १९३५ साली जॉर्ज गर्शविनचा 'पोर्गी अँड बेस' रंगमंचावर आला. कथा गोऱ्या लेखकाची, संगीत गोऱ्या संगीतकाराचे, वस्ती कृष्णवर्णीयांची. समूहगान जेसीचे. पुढे कित्येक वर्षे या ऑपेराच्या पुनरुज्जीवनांशी ती जोडलेली राहिली. हॉल जॉन्सन या तिच्याच तोलाच्या कृष्णवर्णीय समूहगान-दिग्दर्शकाने १९३६ च्या आरंभी त्यावर कठोर टीका केली. हे कृष्णवर्णीयांचे संगीतनाट्य नव्हे, ते कसे असावे याविषयीची गर्शविनची कल्पना आहे आणि त्यात सच्चेपणा आला असेल तर तो कलावंतांमुळे, असा त्याचा रोख होता. १९५९ मध्ये त्यावर चित्रपट निघाला तेव्हा हॅरी बेलाफाँटेने भूमिका नाकारली. अपंग भिकारी, गर्द विकणारा, दारुडा खुनी, त्यांच्यामध्ये ओढली जाणारी बाई : हीच आमची वस्ती का, हा प्रश्न रास्तच होता.

मग जेसी चुकली का? मी या प्रश्नावर बराच अडखळलो. माझा पहिला कौल नकाराच्या बाजूचा होता, कारण आपली सारी चळवळ नकारातून उभी राहिली आहे. पण दोन गोष्टींनी मला थांबवले. पहिली, खुद्द जॉन्सननेही मार्क कॉनेली या गोऱ्या नाटककाराच्या 'द ग्रीन पाश्चर्स' मध्ये समूहगान सांभाळले होते. स्वतःचे 'रन, लिट्ल चिलन' हे नाटक त्याने १९३३ मध्ये रंगमंचावर आणले, पण भाकरी मात्र दुसऱ्याच्या मंचावरच मिळत होती. दुसरी गोष्ट १९३६ ची. वॉशिंग्टनच्या नॅशनल थिएटरमध्ये वर्णभेदाने बसवलेल्या प्रेक्षकांपुढे आम्ही गाणार नाही, असे टॉड डंकन आणि अ‍ॅन ब्राउन या प्रमुख कलावंतांनी ठणकावले. थिएटरला तेवढ्या प्रयोगांपुरते नमावे लागले. दौरा संपला आणि भेद परत आला, हेही खरे. तरी संहिता परक्याची असताना प्रेक्षागृहाची व्यवस्था कलावंतांनी बदलून घेतली, ही घटना साधी नाही. नकार संहितेबाहेरूनच देता येतो असे नाही, तो पडद्यामागूनही देता येतो.

म्हणून मी तिला निर्दोष ठरवतो असे मात्र नाही. जेसीने स्वतः रचना केल्या. मिल्टनच्या महाकाव्याला आपल्या लोकांच्या भक्तिगीतांशी जोडणारी तिची एक गानरचना १९३० च्या दशकात रेडिओवरून सादर झाली. पण जग तिला ओळखते ते गर्शविनच्या नावाच्या आधाराने. इतरांच्या कलाकृतीत प्राण ओतणाऱ्या माणसाची स्वतःची कलाकृती उपाशी राहते, हा त्या मार्गाचा दंड आहे आणि तो तिने भरला.

आता आपल्याकडे वळू. तमाशाचा फड महार, मांग, कोल्हाटी यांनी देह झिजवून जगवला. मध्यमवर्गाला तो हवासा वाटला तेव्हा त्याने त्याला धुऊन 'लोकनाट्य' केले. नाच राहिला, नाचणारीचे घर विस्मरणात गेले. या प्रक्रियेला आपण दोन उत्तरे दिली. भीमराव कर्डकांसारख्यांच्या आंबेडकरी जलशांनी तमाशाचा घाट घेतला आणि आशय उलटवून तो आपल्याच मंचावर मांडला. अण्णा भाऊ साठे, अमर शेख, गवाणकर यांच्या लाल बावटा कलापथकाने १९४४ पासून कामगारांचा मंच उभा केला. जेसीला असा मंच क्वचितच लाभला. या अर्थाने आपण तिच्याहून श्रीमंत होतो. पण आपण ही श्रीमंती जपली का?

जेसीने आयुष्यभराचे कागद, संगीतप्रती आणि छायाचित्रे जमवली. १९७० च्या दशकात त्यांतले बरेचसे मिशिगन विद्यापीठाकडे आणि कॅन्ससमधील पिट्सबर्गच्या विद्यापीठाकडे तिने सोपवले. कर्डकांनी जलशांचा इतिहास लिहून ठेवला म्हणून आपल्या हाती काही आहे. पण शेकडो जलसामंडळांच्या वह्या कुठे गेल्या? कोणत्या गावी कोणी ढोलकी धरली, कोणी झील, हे कोणी लिहून ठेवले?

२८ ऑगस्ट १९६३ रोजी वॉशिंग्टनच्या मोर्चात मार्टिन ल्यूथर किंग यांचे ते भाषण झाले. ते आपल्या विद्यार्थ्यांना पाठ आहे. त्याच दिवशी त्याच पायऱ्यांवर इव्हा जेसीचा समूहही गायला. कार्यक्रमपत्रिकेत तिचे नाव छापलेले होते, म्हणून आज सांगता येते. १९९२ साली ती वारली, सत्त्याण्णव वर्षांची होऊन.

माझ्या चुलत्यांचे नाव कोणत्याच पत्रिकेत नव्हते. शिक्षक-विद्यार्थी मित्रांना माझे एवढेच सांगणे आहे : या सुट्टीत आपापल्या गावी जा, जलशात उभे राहिलेले जे कोणी अजून हयात असतील त्यांच्यापाशी बसा, आणि गाणे लिहून घेण्याआधी गाणाऱ्याचे नाव लिहून घ्या.