पाच जोड्यांची अट आणि नान्नजचा माळ

समजा, वन्यजीवांचे शंभर अधिवास आहेत आणि पैसा-माणसं पुरतील फक्त दहांना. कुठले दहा निवडाल? "जिथे धोक्यातल्या प्रजाती आहेत ते आधी," हे उत्तर चटकन सुचतं, आणि ते चूक नाही. खरी गोम आहे ती मोजायचं कसं यात.

आययूसीएनने २०१६ साली 'की बायोडायव्हर्सिटी एरिया', म्हणजे जैवविविधतेसाठी कळीच्या जागा ठरवण्याचं जागतिक मानक आणलं. त्यातला एक महत्त्वाचा निकष सोप्या भाषेत सांगते. प्रजाती 'अतिसंकटग्रस्त' किंवा 'संकटग्रस्त' असेल, तर तिच्या जगातल्या एकूण संख्येपैकी निदान ०.५ टक्के त्या जागी हवी. शिवाय निदान ५ प्रजनन-एककं हवीत (एकक म्हणजे ढोबळमानाने एक जोडी धरा). 'असुरक्षित' प्रजातींसाठी हेच आकडे १ टक्का आणि १०.

आधी याचं श्रेय देऊ. "आमच्याकडे दुर्मीळ पक्षी दिसला हो!" एवढ्यावर जागा यादीत घुसवता येत नाही. वाट चुकून आलेल्या पाहुण्यामुळे गुण वाढत नाहीत. आणि पट्टी सगळ्या जगाला एकच.

आता हीच पट्टी सोलापूरजवळच्या नान्नजला लावू. १९७९ साली माळढोकासाठी इथे अभयारण्य झालं. आज जगात माळढोक उरलेत साधारण दीडशे. त्याचे ०.५ टक्के म्हणजे एक अख्खा पक्षीसुद्धा नाही! पहिली अट एकटा माळढोक पुरी करेल. पण नान्नजला अलीकडे दिसलाच तर एखाददुसरा दिसतो. पाच जोड्या आणायच्या कुठून? या निकषावर माळ नापास. उरले काळवीट आणि लांडगा. आपल्या वन्यजीव कायद्यात दोघेही पहिल्या अनुसूचीत, पण जागतिक यादीत प्रजाती म्हणून दोघेही 'कमी चिंतेचे'. म्हणजे इथेही भोपळा.

माझा आक्षेप इथे आहे. ही पट्टी आज कोण उरलंय ते मोजते. जागा कोणाला पोसू शकते, ते नाही. माळढोकाची मादी सहसा एका वेळी एकच अंडं घालते. संख्या सावरायला कित्येक वर्षं लागणार, आणि तोवर माळ माळच राहायला हवा. पण पक्षी घटले की क्रमांक घसरतो, क्रमांक घसरला की माळ 'पडीक' ठरतो, आणि मग तिथे रस्ता, सौर पॅनल नाहीतर झाडं लावायचे खड्डे! नुकसान जितकं जास्त, तितकं संरक्षण कमी, असा उलटा हिशोब.

यावर एक रास्त उत्तर आहे: जागा ओळखणं आणि तिथे आधी काम करायचं की नाही हे ठरवणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे मानक स्वतःच सांगतं. मान्य. पण फाइलीत जातो तो तक्ता. खालची टीप मागेच राहते.

म्हणून तक्त्यात आणखी दोन रकाने हवेत: ही प्रजाती इथे पूर्वी होती का? आणि तिला लागणारं गवत अजून शाबूत आहे का? दुसरं उत्तर 'हो' असेल, तर तो माळ रिकामा नाही, राखून ठेवलेला आहे.

यापुढे अधिवासांची अशी क्रमवारी वाचाल तेव्हा शून्यापाशी जरा थांबा. तिथे कधी कोणी नव्हतंच, की होतं ते गेलं? दोन्ही शून्यं दिसायला सारखीच असतात.